सुईमुळे सापडलेले धबधबे

ऑलिंडा फिलोजीन बाविसाव्या वर्षी ग्राँ रावीनच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली, तेव्हा तिच्याकडे एक पत्र्याची पेटी होती, बर्फाचा एक थर्मास होता आणि आपण लोकांच्या भल्यासाठी आलोय तर लोक आपली वाटच बघत असतील, अशी एक समजूत होती. पेटी आजही टिकून आहे. समजूत पहिल्याच सोमवारी गेली.

त्या सोमवारी धनुर्वाताची लस टोचायची होती. यादीत एकेचाळीस नावं होती. दवाखान्यात माणसं आली सहा, आणि त्यातली दोन पावसाला आडोसा म्हणून. ऑलिंडा गावात शिरली तर घरं उघडी, चुलीवर नीरफणस रटरटतोय, दोरीवर कपडे वाळतायत, आणि माणूस एक नाही. डॉमिनिका बेटाच्या त्या अंगाला लपायचं म्हटलं तर जागेला तोटा नाही. डोंगर भिंतीसारखे उभे, दऱ्या खोल, दर दोनशे पावलांवर एखादा ओढा, आणि झाडी अशी दाट की दहा हातांवर उभा असलेला माणूस शिंकला तरच कळावा.

दुसरी एखादी असती तर नावापुढे ‘गैरहजर’ लिहून मोकळी झाली असती. ऑलिंडाने ते मनाला लावून घेतलं. तिने गमबूट चढवले, पेटी डोक्यावर घेतली आणि माणसं शोधायला निघाली. तिचा नियम असा की, यादीतल्या नावापुढे बरोबरची खूण पडल्याशिवाय दिवस संपला असं म्हणायचं नाही. हा नियम तिने स्वतःच केला होता आणि त्याचा त्रासही सगळ्यात जास्त तिलाच झाला, पण तिने तो मोडला नाही.

क्लेव्हिल मॅग्लॉयर तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याला शोधत ती ओढ्याच्या कडेने वर वर गेली आणि एका धबधब्यापाशी येऊन थांबली. पुढे वाट नव्हती. ओल्या मातीत लहान पावलं पाण्यापर्यंत गेलेली होती, परत आलेली नव्हती. पोरगं बुडालं असेल अशी शंका दुसऱ्या कोणाला आली असती. ऑलिंडाला आली नाही, कारण पाण्याच्या पडद्यामागून कोणीतरी खोकलं. ती गणवेशासकट, टोपीसकट पाण्यात शिरली आणि पलीकडे गेली. आत चांगली खोलीएवढी कोरडी गुहा होती आणि गुहेच्या टोकाला भिंतीला पाठ लावून क्लेव्हिल बसला होता. तिने त्याला तिथेच टोचलं. मग जागा इतकी छान वाटली की दोघांनी बसून त्याच्या आईने बांधून दिलेल्या तळलेल्या पुऱ्या आणि खारवलेला मासा खाल्ला. क्लेव्हिल हुंदके देत देत खात होता, पण तीन पुऱ्या त्याच्याच पोटात गेल्या.

असं एकेक करत तिला बेट कळत गेलं. आयझॅक नावाचा कोळी पायात गळ घुसलेला असताना पळाला आणि थेट दरीतल्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत जाऊन बसला. ते कुंड तोवर फक्त त्याला आणि शुक्रवारी अंघोळीला जाणाऱ्या चार म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. ऑलिंडाने काठावर उकिडवं बसून त्याला एवढंच सांगितलं की, हात तेवढा बाहेर काढ, बाकीचा तू आत शिजत बसलास तरी माझी हरकत नाही. एक नवरा-बायको बाळाला घेऊन कड्याखालच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर उतरले होते. तिथे उतरायला वडाच्या पारंबीसारखी एक मुळी धरून लोंबकळत जावं लागे. ऑलिंडा पेटी दातात धरून उतरली, असं गावात सांगतात. ती म्हणते दातात नव्हती, पट्ट्याने पाठीला बांधली होती. पण तिचं कोणी ऐकत नाही.

पस्तीस वर्षांत गावातली एक अख्खी पिढी तिच्या सुईखालून गेली. सत्तावन्नाव्या वर्षी तिला निरोप दिला गेला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं गेलं, आणि ती घरी येऊन बसली. बसणं तिला जमेना. लग्न तिने केलंच नव्हतं. कधी करणार, कोणी ना कोणी लपलेलं असायचंच. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून ती रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला पोट साफ झालं का म्हणून विचारायची. लोक वरच्या वाटेने जाऊ लागले. चर्चला जायलासुद्धा लोक वळसा घेतात हे ऐकल्यावर तिची भाची वेरोना हिने ठरवलं की, मावशीला काहीतरी काम दिलं पाहिजे, नाहीतर गावाला दुसरा रस्ता बांधावा लागेल.

वेरोनाचं चार खोल्यांचं पाहुण्यांचं घर होतं. त्या आठवड्यात तिथे कॅनडाहून आलेलं एक शाळामास्तरांचं जोडपं उतरलं होतं. दोघेही हिरमुसलेले. त्यांच्याकडे बेटाची माहिती देणारं एक पुस्तक होतं, आणि पुस्तकातल्या ज्या ज्या जागी ते गेले त्या त्या जागी बंदरात लागलेल्या मोठ्या जहाजाच्या दहा-दहा गाड्या आधीच उभ्या होत्या. बाईंनी वेरोनाला विचारलं की, पुस्तकात नाही अशी एखादी जागा असेल का. वेरोना म्हणाली, “जागा मला नाही माहीत. पण माझ्या मावशीला विचारा. आणि ती पोटाबद्दल विचारेल, तेव्हा खरं सांगून टाका, म्हणजे लवकर सुटाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑलिंडा गमबूट घालून तयार. पाहुण्यांना तिने पेशंटसारखंच हाताळलं. मास्तरांची टोपी पातळ म्हणून परत पाठवली, बाईंच्या चपला बघून मान हलवली, दोघांना निघण्याआधी एकेक भांडं पाणी आपल्या डोळ्यांदेखत प्यायला लावलं. अर्ध्या चढावर मास्तरांचा हात धरून तिने नाडी मोजली आणि त्यांना दगडावर बसवलं. तिची माहिती सांगायची तऱ्हाही वेगळी. इतर वाटाडे झाडांची नावं सांगतात, पक्षी दाखवतात. ऑलिंडा म्हणायची, हा आंबा बघा, याच्यावर अल्फोन्स चढून बसला होता, देवीची लस. आणि तो मोठा खडक आहे ना, त्याच्यामागे जुळे भाऊ होते, एकाला दोनदा टोचलं गेलं, कुठल्याला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

धबधब्याजवळ पोचायच्या आधी केळीची बाग लागते. तिथे क्लेव्हिल घड कापत होता. क्लेव्हिल आता त्रेचाळीस वर्षांचा, सहा फूट उंच, हातात कोयता, तीन मुलांचा बाप. त्याने मान वर करून पाहिलं तर समोरून नर्स येतेय, गमबूट, आणि डोक्यावर तीच लाल क्रॉसची पत्र्याची पेटी. पेटीत त्या दिवशी पाव, उकडलेली अंडी आणि चीज होतं. पण ते क्लेव्हिलला कसं कळावं? त्याने कोयता टाकला, कुंपणावरून उडी मारली आणि सरळ धबधब्यात घुसून नाहीसा झाला.

मास्तर आणि त्यांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे आणि बेटावर आल्यापासून पाहिलेल्यातला सगळ्यात चांगला आहे.

बऱ्याच वेळाने क्लेव्हिल पाण्यामागून बाहेर आला, निथळत, खाली बघत. ऑलिंडाने कमरेवर हात ठेवून विचारलं, “काय रे, या वयात?”

“नर्स, मी नाही पळालो. पाय पळाले. मी मागून गेलो.”

“आणि केळी कोण कापणार?”

“तुम्ही गेल्यावर कापतो.”

मास्तरांनी घरी जाऊन ओळखीच्यांना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला सांगितलं. पुढच्या हंगामात वेरोनाच्या चारही खोल्या भरल्या आणि प्रत्येक जण विचारू लागला की, ती नर्सबाई कुठे आहे आणि तो पळणारा माणूस रोज पळतो का. ऑलिंडाच्या अंगात पुन्हा बळ आलं. गावकऱ्यांनाही बरं वाटलं, कारण तिला आता पोटं विचारायला परकी माणसं मिळाली होती. लोक पुन्हा खालच्या रस्त्याने जाऊ लागले.

असं दोन वर्षं चाललं. मग राजधानीतून, रोझोहून, एक जीप आली.

जीपमधून एक अधिकारी उतरला. गळ्यात टाय, काळे चकचकीत बूट, काखेत फाइल. पर्यटकांसाठी फलक लावणाऱ्या कुठल्याशा कचेरीतून तो आला होता आणि ग्राँ रावीनच्या आसपासच्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या जागांची यादी त्याला करायची होती. त्याने ओट्याच्या पायरीवर उभं राहून आपलं नाव सांगितलं. डेल्फर्ड सेराफिन.

ऑलिंडाच्या हातातला कोकोच्या चहाचा कप थांबला. डेल्फर्ड सेराफिन हे नाव तिला तीस वर्षं पाठ होतं. तो याच गावचा, मा तितीनचा मुलगा. तो नऊ वर्षांचा असताना गोवराच्या लशीची मोहीम झाली होती. एकशे बारा मुलं. एकशे अकरा नावांपुढे खूण पडली. एकशे बाराव्याला शोधायला ती चार दिवस रानात हिंडली, मुसळधार पावसात, आणि तो मिळाला नाही. नंतर तो शहरात मामाकडे शिकायला गेला. नोंदवहीतलं ते एक रिकामं घर तिला अधूनमधून जेवताना आठवायचं.

“बस,” ती म्हणाली. “फाइल खाली ठेव. तू होतास कुठे?”

डेल्फर्डला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचा हात आपोआप दंडावर गेला. तो म्हणाला की, त्या गोष्टीला आता तीस वर्षं झाली, आणि आपण सरकारी कामाने आलोय, फॉर्म भरायचाय, जागेचं नाव, अंतर, पोचायचं कसं, एवढंच. ऑलिंडा म्हणाली की, यादी हवी तर मिळेल, चौदा जागा आहेत, एकेक बघून देव आठवेल अशी. पण पंधरावी जागा आधी तू मला दाखवायची. नाही दाखवलीस तर तुझी फाइल कोरीच परत जाईल.

त्याने आढेवेढे घेतले. बूट नवे आहेत म्हणाला. ऑलिंडाने आत जाऊन आपल्या गमबुटांचा जुना जोड आणला आणि त्याच्या पायापाशी ठेवला.

बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? ते दोघे निघाले तेव्हा मागे वेरोना होती, कोयता घेऊन क्लेव्हिल होता, आयझॅक होता, आणि ज्यांना काही काम नव्हतं असे आठ-दहा जण होते. मा तितीन ब्याऐंशी वर्षांची. ती आपल्या दारात बसून होती. मिरवणूक समोरून गेली तशी ती म्हणाली की, तिला काही माहीत नाही. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

डेल्फर्डला वाट सापडेना. आधी त्याने सगळ्यांना एका डुकरांच्या गोठ्यापाशी नेलं. मग काट्यांत. मग एक तास चालून सगळे पुन्हा त्याच गोठ्यापाशी आले, तेव्हा डुकरंसुद्धा उठून बघायला लागली. तो घामाने भिजला, टाय खिशात गेला, शर्ट बाहेर आला. म्हणाला, “इथे एक मोठं झाड होतं. त्याच्या डावीकडून.” आयझॅक म्हणाला की, झाड वादळात पडून जमाना झाला, ते खोड आहे त्याच्यावरच तू उभा आहेस.

खोडाच्या डावीकडे नेच्यांची भिंत होती. क्लेव्हिलने कोयत्याने वाट केली. आत एक चिंचोळी खाच, दगडात कोरल्यासारखी, हातापायांवर चढत जायची. ऑलिंडाचे गुडघे एव्हाना तिच्याशी भांडत होते, पण तिने कोणाचा हात घेतला नाही. वर एक सपाट दगड होता, चार माणसं बसतील एवढा. मागच्या फटीतून उबदार वाफ येत होती, सारखी, हळू, गाय उसासा टाकते तशी. वर कपारीचं छत, त्यामुळे पाऊस नाही. थंडी नाही. आणि समोर झाडीला नेमकी एक खिडकी पडलेली. खिडकीतून खाली समुद्र दिसत होता आणि समुद्राच्या अलीकडे, अगदी सरळ रेषेत, दवाखान्याचं दार.

ऑलिंडाने पुढे वाकून त्या दाराकडे बघितलं.

“म्हणजे मी तुला शोधत होते,” ती म्हणाली, “आणि तू मला बघत होतास.”

“चारही दिवस,” डेल्फर्ड म्हणाला. “तुम्ही कुठल्या बाजूला निघालात ते इथून दिसायचं. त्या बाजूला तुम्ही गेलात की मी निवांत.”

“खायला काय होतं?”

यावर तो गमबुटाला लागलेला चिखल काढू लागला. मग हळूच म्हणाला की, आई धुण्याला नदीवर जाते सांगून निघायची आणि धुण्याच्या बोचक्यात उकडलेली कच्ची केळी आणि मासा असायचा. ऑलिंडाने डोळे मिटले. ते चारही दिवस ती दमून संध्याकाळी मा तितीनच्याच घरी टेकत होती. मा तितीन तिला कोकोचा चहा करून द्यायची, पाय शेकायला गरम पाणी द्यायची, आणि पोरगं कुठे गेलं असेल बिचारं म्हणून पदराने डोळे पुसायची. म्हणजे पदर नाही, डोक्याचा रुमाल. पण पुसायची मात्र दोन्ही डोळे.

“तिसऱ्या दिवशी,” डेल्फर्ड म्हणाला, “तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलात. बूट काढून पाणी ओतलंत. बूटभर पाणी होतं. मग तुम्ही तशाच बसून राहिलात, पाय उघडे, डोकं गुडघ्यावर. मला वाटलं, तुम्ही रडताय. मला कसंतरीच झालं. मी उठून उभा राहिलो, खाली यायला निघालो होतो, खरंच.”

“मग?”

“मग तुम्ही परत बूट घातलेत.”

वेरोना हसायला लागली आणि मग सगळेच. ऑलिंडा हसली नाही. ती त्याच्याकडे निरखून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर नर्सची जुनी नजर आली होती.

“शहरात गेल्यावर गोवर झाला का तुला?”

डेल्फर्डने वाफेकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं. “झाला.”

“किती दिवस?”

“तीन आठवडे. कानसुद्धा फुटला. डाव्या कानाने अजून कमी ऐकू येतं.”

बाईचं मन मोठं होतं. तिने आधी त्याला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, डावा कान उजेडाकडे वळवून आत बघितलं. चार दिवस आणखी शोधलं असतं तर हा कान वाचला असता, असं ती पुटपुटली. हे सगळं खरं होतं. पण दगडावरून उतरताना ती तरुण पोरीसारखी उतरली, गुडघ्यांचं नावही काढलं नाही, आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगितलं की, सेराफिनच्या मुलाला गोवर झाला होता, तीन आठवडे. मा तितीनच्या दारात ती मुद्दाम थांबली.

“मा, तीन आठवडे,” ती म्हणाली.

“मला सांगताय?” मा तितीन म्हणाली. “भावाने निरोप पाठवला तेव्हा मी चर्चमध्ये जाऊन तुमच्या नावाची मेणबत्ती लावली होती.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही हे असं तोंड केलं असतं म्हणून.”

तरीही चहा झाला. अळूच्या पानांचं खेकडे घातलेलं कालवणही झालं, आणि अधिकाऱ्याने गमबुटांसकट ओट्यावर बसून ते दोनदा मागून घेतलं.

यादीचं काय झालं ते सांगायला हवं. गावात त्या दिवसांत थोडी कुरबूर होती. शुक्रवारच्या म्हाताऱ्या येऊन गेल्या. त्यांच्या कुंडाला पाटी लागली तर त्यांनी अंघोळ कुठे करायची? क्लेव्हिलला पाहुणे चालत होते, पण त्याच्या केळीतून वाट्टेल तेव्हा वाट्टेल त्याने जाणं चालत नव्हतं. ऑलिंडाने सगळ्यांचं ऐकलं आणि शब्द दिला होता म्हणून फॉर्म भरला. चौदा जागा, चौदा ओळी, सुबक अक्षर. फक्त ‘पोचायचं कसं’ या रकान्यात चौदाही ठिकाणी तिने लिहिलं, ‘नर्स फिलोजीनला विचारावे.’ पंधराव्या जागेची ओळच नव्हती. डेल्फर्डने फॉर्म वाचला, पंधरावी ओळ आहे का म्हणून कागद उलटून बघितला, आणि सही केली. हल्ली तो महिन्यातून एखाद्या शनिवारी टायशिवाय येतो आणि आईला भेटून वर जाऊन बसतो. बायकोला कुठे जातो ते सांगत नाही म्हणे.

कचेरीने एकच फलक पाठवला. तो बसथांब्यापाशी उभा आहे, बाण थेट ऑलिंडाच्या ओट्याकडे. त्यावर तिचं आडनाव चुकीचं रंगवलंय. ती दर वर्षी तक्रारीचं पत्र पाठवते आणि डेल्फर्ड दर वर्षी पत्र मिळाल्याची पोच पाठवतो.

मागच्या बुधवारी एक जर्मन बाई बाण बघून आली. तिला आधी कोणीही गेलेलं नाही अशी जागा हवी होती. धबधबा नको, कुंड नको, कोणी म्हणजे कोणीच गेलेलं नसावं. ऑलिंडा विचारात पडली. म्हणाली की, अशी एक जागा आहे खरी, पलीकडच्या टेकाडावर; पण तिथे जायला काही कारणच नाही, म्हणून कोणी गेलेलं नाही. बाई म्हणाली तीच हवी. दोघी तीन तास चढल्या. वर नेचे होते, चिखल होता, ढग खाली आले होते, त्यामुळे काहीच दिसत नव्हतं. जर्मन बाई डोळे मिटून मध्यभागी उभी राहिली आणि म्हणाली की, आयुष्यात असं कधी वाटलं नव्हतं. ऑलिंडाने तिची नाडी बघितली. नाडी उत्तम होती. मग ती एका दगडावर बसली, पेटीतलं अंडं सोललं, आणि बाईचं उभं राहून होईपर्यंत शांतपणे खाल्लं.